आवाज बसला, की आवाजावर काही बसलं?

ऑक्टोबरात नवं सोयाबीन उतरलं की वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर इथल्या बाजार समित्यांच्या आवारात पाय ठेवायला जागा उरत नाही. ओतलेले ढीग, पोत्यांच्या थप्प्या, ट्रॅक्टरांची रांग, आणि एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत जाणारा हर्रास. बोली बोलणारा मधोमध, व्यापारी त्याच्याभोवती, शेतकरी आपल्या ढिगाशी जीव मुठीत धरून उभा. भाव चढवत नेताना बोली बोलणाऱ्याला हमालांच्या, गाड्यांच्या आणि गर्दीच्या वर आवाज काढावा लागतो, तोही नाकातोंडात भुसा जात असताना. दिवाळी येईस्तोवर त्याचा आवाज चिरफाळलेला असतो. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "बसला बाप्पा आवाज. सिझन आहे ना!"

यात कुणाला दुखणं दिसत नाही. पाठ धरली तर माणूस गोळी घेतो, डोळ्याला कमी दिसलं तर चष्मा लावतो. आवाज मात्र बसतो आणि बसूनच राहतो, वर्षानुवर्षं. मग तीच त्या माणसाची ओळख होते. गावात एखादा 'घोगऱ्या' असतोच.

१९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा वाशीम जिल्हा शेतीवर जगतो, पण त्याचं निम्मं कामकाज गळ्यावर चालतं. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत रात्र रात्र भजनं चालतात. होळीला मानोरा-मंगरूळपीरकडच्या तांड्यांवर डफाच्या तालावर लेंगी म्हटली जाते, ती मोकळ्या आभाळाखाली आणि एकमेकांवर कडी करत. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी जिल्ह्यातून जाते, तेव्हा वारकरी दिवसभर चालतात आणि चालता चालता गातात. हिवाळ्यात हरभऱ्यावर रानडुकरं आणि रोही येतात म्हणून जागलीला गेलेला शेतकरी थंडीत, अर्धवट झोपेतून उठून, पूर्ण ताकदीनं आरोळी ठोकतो. आणि या सगळ्यांपेक्षा गळ्यावर जास्त जगणारी एक जमात आहे, तिचा कुणी हिशेबच धरत नाही: शिक्षक.

तो हिशेब एकदा मांडून बघू. बाईच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषाच्या बोलण्यात शंभर-सव्वाशे वेळा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी चाळीस मिनिटांच्या पाच तासिका घेतल्या आणि त्यातला तिसरा हिस्साच प्रत्यक्ष आवाज काढण्यात गेला असं धरलं, तरी ४,००० सेकंद झाले. म्हणजे ८ लाख आघात, एका दिवसात. त्यात पत्र्यावर पाऊस वाजत असेल, एका खोलीत दोन वर्ग बसले असतील, तर आघातांचा जोर वाढतो आणि खरी इजा त्या जोरानंच होते. घरी गेल्यावर स्वतःच्या पोरांवर ओरडणं वेगळं.

हे आपटणारे स्वरतंतू म्हणजे गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या आत आडव्या बसलेल्या दोन घड्या. पुरुषात त्यांची लांबी दीड ते दोन सेंटीमीटर, बाईत सेंटीमीटरभर किंवा थोडी जास्त. पुढच्या टोकाला त्या जोडलेल्या आणि मागच्या टोकाला मोकळ्या. श्वास घेताना फाकतात, बोलताना जवळ येतात. खालून फुप्फुसातली हवा त्यांना ढकलून उघडते, आणि हवा निसटताच आपल्याच लवचिकपणानं त्या पुन्हा मिटतात. उघडमिटीचं हे चक्र म्हणजे आवाज. घडीच्या आत स्नायू आहे. त्यावर बळकट धाग्यांचा थर, त्यावर जेलीसारखा मऊ सैल थर आणि सगळ्यात वर पातळ त्वचा. या सैल थराला जर्मन शरीररचनातज्ज्ञ राइन्के यांचं नाव आहे. जपानमधल्या कुरुमे विद्यापीठातले मिनोरू हिरानो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की आवाजाची लाट आतल्या स्नायूवर उठत नाही, ती वरच्या या सैल आवरणावर उठते. आपला पुढचा सगळा विषय या पातळ आवरणात घडतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फुगवटा तिथे आला की दोन घड्या नीट मिटत नाहीत, फटीतून हवा गळते, लाट अडखळते. कानाला तो घोगरेपणा ऐकू येतो.

जिवंत माणसाच्या गळ्यातली ही हालचाल नीट पाहून तिचं वर्णन करणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता, गवई होता. मॅन्युएल गार्सिया हा गाणं शिकवणारा स्पॅनिश उस्ताद. १८५४ साली त्यानं दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं उन्हाची तिरीप त्यावर पाडली आणि स्वतःचे स्वरतंतू स्वतःच पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचं निवेदन वाचलं गेलं. तो एकूण १०१ वर्षं जगला. त्याआधीची, १८४१ची, गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जेनी लिंड ही स्वीडनची तरुण गायिका अतिश्रमानं फाटलेला आवाज घेऊन पॅरिसला त्याच्याकडे आली. त्यानं आधी तिचं गाणं बंद केलं आणि बोलणंही कमी करायला लावलं. काही आठवड्यांनी आवाज सावरल्यावरच तो तिला शिकवायला बसला, आणि शिकवलं ते गळ्यावर जोर न देता गायला. ही पोरगी पुढे युरोप-अमेरिकेत गाजली. तिच्या गळ्यात नेमकं काय होतं हे तेव्हा दिसायची सोय नव्हती, पण गार्सियानं जे केलं तेच आजही पहिल्या पायरीचं औषध आहे.

कारण गळा वापरणाऱ्यांत सर्वांत जास्त आढळतात त्या गाठी. स्वरतंतूच्या कंप पावणाऱ्या भागाच्या बरोबर मध्यावर आघात सर्वाधिक बसतो, आणि तिथेच, दोन्ही बाजूंना, समोरासमोर, दोन बारीक फुगवटे येतात. आधी मऊ सूज, मग हळूहळू त्वचा जाड. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो तसाच हा प्रकार. घट्टा कापायला कुणी सर्जनकडे जात नाही. कुदळ काही दिवस ठेवली, धरण्याची पद्धत बदलली, की तो आपोआप मऊ पडतो. स्वरतंतूंच्या बहुतेक गाठींनाही हाच न्याय. या गाठींचा कॅन्सर होत नाही. शिक्षिका, गायिका, आणि मोठ्यानं ओरडणारी शाळकरी मुलं हे यांचे नेहमीचे मानकरी. मुलांत मुलग्यांचं प्रमाण जास्त, आणि कबड्डीच्या मैदानावर कान दिला तर का ते कळतं. वयात आल्यावर मुलांच्या बहुतेक गाठी जिरून जातात, म्हणून त्यांच्या बाबतीत चाकूची घाई कुणी करत नाही.

गाठीची लक्षणं ओळखू येण्यासारखी असतात. सकाळी आवाज बरा, चौथ्या तासिकेपर्यंत जड. वरच्या पट्टीतला हळुवार सूर लागत नाही, पण मोठ्यानं म्हटलं तर लागतो. त्यामुळे भजनी माणूस नकळत जास्त जोर लावू लागतो, आणि गाठ आणखी पक्की होते. दमल्यासारखं वाटतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणून तो सारखा खाकरतो. खाकरण्यात तर दोन्ही घड्या एकमेकींवर जोरात रगडतात. त्यापेक्षा घोटभर पाणी पिऊन आवंढा गिळलेला बरा.

पॉलिपची कथा वेगळी. तो बहुतेक वेळा एकाच बाजूला येतो आणि पुष्कळदा एका आरोळीतून येतो. मळणीयंत्र धडधडतंय, कुटार उडतंय, आणि पट्ट्याजवळ कुणाचा तरी हात गेलेला दिसतो. लांबून माणूस जीव तोडून ओरडतो, "अबे थांब!" हात वाचतो, पण ओरडणाऱ्याच्या स्वरतंतूवरची केसासारखी रक्तवाहिनी फुटते. सैल थरात रक्त साचतं आणि त्या जागी पुढे लालसर, कधी देठ असलेला फुगा तयार होतो. आवाज त्या क्षणापासून बदललेला असतो, म्हणून रोगी तारीख-वार सांगू शकतो. लहान पॉलिप कधी कधी विश्रांतीनं जिरतात. मोठे जिरत नाहीत, ते काढावे लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी अशा आरोळीनंतर आवाज गेला तर अगदी गप्प राहून लगेच डॉक्टर गाठावा.

सिस्ट म्हणजे त्वचेखाली अडकलेली पिशवी: ग्रंथीचं तोंड बंद होऊन साचलेल्या चिकट द्रवाची, नाहीतर त्वचेच्याच झडलेल्या पापुद्र्यांची. ती मौनानं जात नाही. गाठ समजून महिनोन्महिने आवाजाचे व्यायाम करत राहिलेल्या कित्येकांच्या गळ्यात शेवटी ही पिशवी निघते.

विडी-सिगारेटवाल्यांचा आजार आणखी निराळा. राइन्केच्या थरात दोन्ही बाजूंना पाणी भरतं, घड्या जाड आणि लोंबत्या होतात, आवाज खाली उतरतो. विडी ओढणाऱ्या बाईशी फोनवर बोलणारा तिला 'काका' म्हणतो तेव्हा गळ्यात बहुधा हेच असतं. धूर थांबवल्याशिवाय यावर कोणतीही शस्त्रक्रिया टिकत नाही. आपल्याकडचा खर्रा या सुजेचा नेहमीचा धनी नाही, पण तंबाखू ती तंबाखूच. तोंडात आणि घशात तिनं काय काय होतं हे विदर्भाला नव्यानं सांगायला नको.

काही दोष जन्मापासूनचे. गर्भात दहाव्या आठवड्याच्या सुमारास स्वरयंत्राची बंद पोकळी मोकळी होते. ती पूर्ण मोकळी झाली नाही तर दोन घड्यांच्या पुढच्या बाजूला पातळ पडदा राहून जातो. बाळाचं रडणं बारीक, दबलेलं येतं. पडदा मोठा असेल तर श्वासच अडतो. दुसरा दोष म्हणजे स्वरतंतूच्या काठाला लांबीनं पडलेली खाच. माणूस लहानपणापासून हवा मिसळलेल्या, पोकळ आवाजात बोलत असतो, घरच्यांना तो त्याचा स्वभाव वाटतो. यावर उपचार आहेत, पण गाठीइतके हमखास नाहीत, हे रोग्याला आधीच सांगितलेलं बरं.

लहान मुलांच्या बाबतीत एक आजार मात्र सौम्य म्हणून सोडून देण्यासारखा नाही, तो म्हणजे स्वरयंत्रातले मस. एचपीव्ही विषाणूचे ६ आणि ११ हे दोन प्रकार ते करतात. बहुधा जन्माच्या वेळी आईकडून ते मुलाला मिळतात. दोन-चार वर्षांच्या मुलाचा आवाज बसतो, मग श्वासाला घरघर लागते, आणि दमा समजून महिनोन्महिने पंप दिला जातो. दुर्बिणीतून पाहिलं तर घड्यांवर मसांचा गुच्छ. तो कॅन्सर नव्हे, पण श्वासनळी कोंडू शकतो आणि काढला तरी पुन्हा येतो. काही मुलांवर डझनावारी शस्त्रक्रिया कराव्या लागतात. यावरचा खरा उतारा लसीत आहे. ऑस्ट्रेलियानं २००७ पासून मुलींना चार प्रकारांवरची एचपीव्ही लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या दशकात तिथे मुलांमधला हा आजार झपाट्यानं घटला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या सर्वावॅक या लसीतही ६ आणि ११ हे प्रकार आहेत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची म्हणून ओळखली जाणारी ही लस पुढच्या पिढीचा गळाही वाचवते, हे मुलींच्या आयांना सांगायला हवं.

आता घरगुती उपायांकडे. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. घशाला बरं वाटतं हे खरं, पण यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेलं अन्ननलिकेत जातं आणि गुळणीचं पाणी वरच राहतं. स्वरतंतूंवर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं ते ठसका लागलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाफ पोचते, कारण ती श्वासाबरोबर जाते. पाणी भरपूर प्यायलं तर शरीरातूनच ओलावा मिळतो. कुजबुजण्याचाही गैरसमज आहे. आवाज बसल्यावर लोक जोर लावून कुजबुजतात, त्यात गळ्याचे स्नायू उलट आवळले जातात. त्यापेक्षा जवळ येऊन, हळू, साध्या आवाजात बोलावं.

गाठींवरचा खरा उपचार म्हणजे आवाजाचं प्रशिक्षण, आणि ते देणारा वाचा-उपचारतज्ज्ञ. मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून असे तज्ज्ञ घडवते आहे. त्यांचा एक व्यायाम गमतीदार दिसतो: पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. नळीमुळे हवेचा दाब मागे परततो आणि घड्यांना किंचित फाकवून धरतो, त्यामुळे त्या एकमेकींवर आपटतात त्या हलक्या. नळीतून सूर सहज निघू लागला की मग ओळी, मग बोलणं. आठवड्यांचं काम आहे, गोळीसारखं दोन दिवसांत होत नाही. दुसरा उपाय बाजारात मिळतो: कमरेला अडकवायचा छोटा स्पीकर आणि कॉलरचा माइक. वर्गात तो लावणाऱ्या शिक्षिकेला अजून लोक हसतात. कीर्तनात, सभेत माइक चालतो, मग साठ पोरांच्या वर्गातच तो चेष्टेचा विषय का, मला आजवर उमगलेलं नाही.

शस्त्रक्रियेची भीती बरीचशी जुन्या काळातली आहे. 'साउंड ऑफ म्युझिक'ची ज्युली अँड्र्यूज १९९७ साली घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गाण्याचा आवाज गमावून बसली, ही बातमी जगभर गेली. आता भूल देऊन, तोंडातूनच नळी घालून, सूक्ष्मदर्शकाखाली फक्त वरच्या आवरणातला दोष उचलतात आणि खालच्या थराला हात लावत नाहीत. बाहेर एक टाकाही नसतो. धोका शून्य झालेला नाही, आणि नंतरचं काही दिवसांचं मौन रोग्यानं पाळलं नाही तर केलेलं पाण्यात जातं. आमच्याकडे नेमकी हीच अट मोडते: पाहुणे भेटायला येतात आणि रोग्यालाच 'कसं काय झालं' विचारतात.

पण पॉलिप, सिस्ट, गाठ की आणखी काही, हे कानानं ठरत नाही. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक १८८७ साली घोगरा झाला. इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर मॅकेंझींनी तुकडा काढला, फिरशोंसारख्या दिग्गज विकृतिशास्त्रज्ञानं तो तपासला आणि कॅन्सर दिसत नाही असं कळवलं. पुढच्या मार्चमध्ये तो सम्राट झाला तेव्हा गळ्याला छिद्र पाडलेलं होतं, बोलणं बंद होतं. ९९ दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजी तो घशाच्या कॅन्सरनं गेला. आवाज बसण्यामागे क्षयही असू शकतो, थायरॉइडची गाठ किंवा छातीतला दोष यांनी स्वरतंतूची नस दबलेलीही असू शकते. म्हणून आधी पाहायचं, मग ठरवायचं, आणि फरक पडला नाही तर पुन्हा पाहायचं.

पाहण्यात भीतीचं काही नाही. डॉक्टर जीभ कापसाच्या पट्टीनं धरतात, वाफ धरू नये म्हणून आरसा किंचित तापवतात, 'ई' म्हणायला सांगतात. गुलाबी घशात दोन मोत्यासारख्या पांढऱ्या पट्ट्या जवळ येताना दिसतात. आता बहुतेक ठिकाणी नाकातून बारीक दुर्बीण घालतात, पडद्यावर रोग्यालाही दाखवतात. पाच-दहा मिनिटांचं काम. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. अकोल्याचं २००२ पासून आहे, आणि नागपूर तर आपलं जुनंच. शस्त्रक्रिया सांगितली तर ती जन आरोग्य योजनेत बसते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

सर्दी-पडशानं बसलेला आवाज दोन आठवड्यांत सुटतो. चार आठवडे झाले तरी सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. विडी-तंबाखू असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, मानेला गाठ लागत असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर चार आठवडेही थांबू नका. आणि गेल्यावर लक्षणांबरोबर आपलं कामही सांगा: हर्रास बोलतो, भजन म्हणतो, चौथीला शिकवतो, जागलीला जातो. डॉक्टर ते विचारतीलच असं नाही, आणि उपचार पुष्कळदा त्याच उत्तरावर ठरतो.